पर्यावरणाचे नियम नेमके कोण ठरवतं? दिल्लीपासून ग्रामसभेपर्यंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एका वाक्यात सांगा : केंद्र, राज्य की महापालिका?

तिन्ही, पण सारख्या वजनाने नाही. चौकट बहुतेक वेळा दिल्लीत ठरते, परवाने आणि तपासणी राज्याकडे असते आणि कचरा, झाडं, सांडपाणी ही रोजची कामं स्थानिक संस्थांच्या गळ्यात पडतात. अधिकार वरून खाली येताना पातळ होत जातात, जबाबदारी मात्र तेवढीच्या तेवढी खाली पोचते. त्यामुळे कुठल्याही प्रकरणात पहिला प्रश्न एकच विचारायचा : हा निर्णय कोणाच्या सहीने होतो? ते कळलं नाही तर वर्षभर निवेदनं देत फिराल आणि प्रत्येक टेबलावर "हे आमच्याकडे येत नाही" एवढंच ऐकाल.

राज्यघटनेत पर्यावरण कोणत्या सूचीत आहे?

कोणत्याच नाही. केंद्र, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूची आहेत, पण 'पर्यावरण' अशी वेगळी नोंद त्यांत नाही. पाणी आणि सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे, आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे. वनं आणि वन्यप्राण्यांचं संरक्षण आधी राज्यांकडे होतं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो आणि वाद झाला तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. त्याच दुरुस्तीने पर्यावरणाचं रक्षण हे राज्यसंस्थेचं कर्तव्य (कलम 48-अ) आणि नागरिकाचंही कर्तव्य (कलम 51-अ) म्हणून लिहिलं गेलं.

पाणी राज्यांचा विषय असताना केंद्राने जलप्रदूषणाचा कायदा कसा केला?

घटनेतल्या दोन वेगवेगळ्या दारांनी. कलम 252 प्रमाणे दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून विनंती केली, तर राज्याच्या विषयावरही संसद कायदा करू शकते. 1974 चा जल कायदा असा झाला. यात एक गोम आहे : राज्याने तो एकदा स्वीकारला की त्यात स्वतःहून दुरुस्ती करता येत नाही. महाराष्ट्राने तर 1969 मध्येच स्वतःचा जलप्रदूषण कायदा केला होता आणि 1970 मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही उभं केलं होतं. केंद्राचा कायदा आपण नंतर स्वीकारला.

दुसरं दार कलम 253 चं. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतला निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर कायदा करता येतो. 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा हवाला देऊन 1981 चा हवा कायदा झाला आणि भोपाळ वायुदुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण (संरक्षण) कायदा. हा शेवटचा कायदा आकाराने लहान, पण ताकदीने अवाढव्य आहे. त्याच्या कलम 3 आणि 5 मध्ये केंद्राला 'आवश्यक ते सर्व उपाय' करण्याचा आणि थेट कारखाना बंद करण्याचा आदेश देण्याचाही अधिकार आहे. किनारपट्टीचे नियम, प्रकल्पांची मंजुरी, प्लास्टिक, ध्वनी असं बरंच काही याच एका कायद्याच्या पोटातून आलं आहे.

कायदा, नियम, अधिसूचना, शासन निर्णय, मार्गदर्शक तत्त्वं : यांत फरक काय?

हा प्रश्न कंटाळवाणा वाटतो, पण निम्म्या लढाया इथेच हरल्या जातात.

कायदा संसद किंवा विधिमंडळ करतं. त्यात बहुधा ढोबळ गोष्टी असतात. खरा तपशील, म्हणजे किती डेसिबल, किती मायक्रॉन, किनाऱ्यापासून किती मीटर, हा नियम आणि अधिसूचनांमध्ये असतो. ते मंत्रालयात लिहिले जातात, राजपत्रात छापले जातात आणि कायद्याइतकेच बंधनकारक असतात. 1986 च्या कायद्याखालचे नियम नंतर संसदेपुढे ठेवावे लागतात, पण तिथे त्यावर घमासान चर्चा झाल्याचं क्वचितच दिसतं.

शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा राज्य सरकारचा प्रशासकीय आदेश. तो यंत्रणेला कामाला लावतो, पण कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. परिपत्रक त्याच्याही खालचं.

आणि मार्गदर्शक तत्त्वं. पीओपीच्या गणेशमूर्तींचं प्रकरण पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2010 मध्ये मूर्तिविसर्जनाची तत्त्वं काढली आणि मे 2020 मध्ये सुधारित तत्त्वांत पीओपीला थेट नकार दिला. लोकांनी, माध्यमांनी आणि बऱ्याच पालिकांनी त्याला 'बंदी' म्हटलं. मग दरवर्षी तेच : मे महिन्यात बंदीची बातमी, जुलैत मूर्तिकारांचं आंदोलन, ऑगस्टमध्ये 'यंदापुरती सवलत'. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कडक अंमलबजावणी करा म्हणून बजावलं. पण जूनपर्यंत ही तत्त्वं सल्लावजा आहेत अशी भूमिका खुद्द केंद्रीय मंडळाकडूनच आली. न्यायालयाने मूर्ती बनवण्यावरचा मज्जाव उठवला, नैसर्गिक पाणवठ्यातल्या विसर्जनावरचा मात्र ठेवला. एवढी वर्षं ज्यावर भांडण चाललं, तो कागद मुळात सल्ला आहे की हुकूम, हेच पक्कं नव्हतं. म्हणून हातात कागद आला की आधी वरचा मजकूर वाचा. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली तो काढलाय हे पहिल्या परिच्छेदात असतं. नसेल, तर तेच पुरेसं बोलकं आहे.

सामान्य माणसाला यात बोलायला जागा कुठे आहे?

मसुद्याच्या टप्प्यावर. 1986 च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार केंद्राला उद्योग किंवा कामांवर निर्बंध घालणारी अधिसूचना काढायची असेल, तर आधी मसुदा राजपत्रात छापावा लागतो आणि हरकती-सूचनांसाठी 60 दिवस द्यावे लागतात. सार्वजनिक हिताचं कारण देऊन ही पायरी गाळण्याची सोयही त्याच नियमात ठेवली आहे, आणि सरकारं ती सढळ हाताने वापरत आली आहेत.

मसुद्यावरच्या हरकतींनी काही होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी ईआयए 2020 चा मसुदा आठवावा. प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची चौकट बदलणारा तो मसुदा मार्च 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीच्या तोंडावर आला, तोही फक्त इंग्रजी आणि हिंदीत. दिल्ली उच्च न्यायालयाने जूनअखेर मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत भाषांतर करायला सांगितलं. लाखो ईमेल गेले. तो मसुदा अंतिम झालाच नाही. पण यातही पुढची पायरी पाहायला हवी : नंतरच्या काळात 2006 च्याच अधिसूचनेत तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त्या होत राहिल्या. एकगठ्ठा बदलाला लोक जागे होतात, एका ओळीच्या दुरुस्तीला कोण जागं होणार?

मसुदा वर्षानुवर्षं मसुदाच राहू शकतो का?

राहू शकतो, आणि पश्चिम घाट हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. संपूर्ण घाट संवेदनशील मानून तीन श्रेणींचे विभाग करावेत आणि सीमा ठरवताना ग्रामसभांना विचारावं, असं तो सांगत होता. राज्यांनी आणि राजकीय पक्षांनी आरडाओरडा केला. मग कस्तुरीरंगन गट नेमला गेला, त्याने 2013 मध्ये व्याप्ती कमी करून घाटाचा सुमारे 37 टक्के भाग सुचवला. पहिली मसुदा अधिसूचना मार्च 2014 मध्ये आली. ठरलेल्या मुदतीत अंतिम झाली नाही की मसुदा बाद होतो, म्हणून पुन्हा काढायचा. सहावा मसुदा 31 जुलै 2024 चा आहे. त्यात सहा राज्यांतलं 56 हजारांहून जास्त चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि त्यापैकी सुमारे 17 हजार महाराष्ट्रात.

सहाही वेळा अडलं ते राज्यांच्या संमतीपाशी. कायद्याने केंद्राला राज्याची संमती लागतेच असं नाही, पण घाटातल्या गावाला खाणबंदी सांगायला शेवटी राज्याचाच तहसीलदार जातो. राज्याला नको असलेला नियम कागदावर आणता येतो, जमिनीवर नाही. आणि गाडगीळांचा जो मूळ मुद्दा होता, गावाला विचारा, तो या सगळ्या ओढाताणीत कधीच मागे पडला. गावांना अहवाल वाचायला मिळण्याआधी अफवाच पोचल्या होत्या.

राज्य केंद्रापेक्षा कडक नियम करू शकतं का?

हो. उत्सर्जन आणि सांडपाण्याच्या मानकांबाबत तर नियमांतच तसं लिहिलं आहे : राज्य मंडळाला लेखी कारण देऊन केंद्रापेक्षा कडक मर्यादा घालता येते. सैल करता येत नाही. प्लास्टिकबाबत महाराष्ट्र पुढे होता. 2006 च्या राज्य कायद्याखाली 23 मार्च 2018 ला बंदीची अधिसूचना निघाली. पहिल्या गुन्ह्याला 5,000, दुसऱ्याला 10,000 आणि तिसऱ्याला 25,000 रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद. केंद्राची एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवरची बंदी 1 जुलै 2022 पासून आली, म्हणजे चार वर्षांनी. अंमलबजावणीचं काय, हे विचारू नका; बाजारात गेलात की उत्तर हातातच मिळतं.

आणि सवलत? ती कोण देतं?

ध्वनी नियम 2000 केंद्राचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. पण सण-उत्सवांसाठी वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्याला आहे. ही सूट वेळेची आहे, आवाजाच्या पातळीची नाही. डीजेवाल्याला, मंडळाला आणि बऱ्याचदा बंदोबस्तावरच्या हवालदारालाही हा फरक माहीत नसतो. तक्रार करताना नेमका हाच मुद्दा लिहा.

एमपीसीबी, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, केंद्राचं की राज्याचं?

राज्याचं. अध्यक्ष, सदस्य राज्य नेमतं. केंद्रीय मंडळ तांत्रिक मानकं ठरवतं, काही बाबतींत निर्देश देतं. कारखान्याला उभारणीचं आणि चालवण्याचं असं दोन्ही संमतीपत्र राज्य मंडळ देतं. तुमच्या गावाजवळच्या कारखान्याच्या संमतीपत्रात रोज किती घनमीटर सांडपाणी, कोणत्या प्रतीचं, कुठे सोडायचं हे आकड्यांत लिहिलेलं असतं. तो कागद मिळवला की "वास येतो" ही तक्रार "अट क्रमांक अमुकचा भंग" अशी करता येते.

मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी कोण देतं?

14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत प्रकल्पांचे 'अ' आणि 'ब' असे वर्ग आहेत. 'अ' वर्गाची मंजुरी केंद्रीय मंत्रालय देतं, 'ब' वर्गाची राज्यस्तरीय प्राधिकरण. या प्राधिकरणाची नावं राज्य सुचवतं, पण ते गठीत करतं केंद्र. मुदत संपून नवं गठीत व्हायला वेळ लागला, की राज्यातल्या फायली तुंबतात किंवा दिल्लीला जातात. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाच्या इमारतींनाही मंजुरी लागते, मात्र त्यांना जनसुनावणीतून सूट आहे.

जनसुनावणीत सगळ्या गावाने विरोध केला तर प्रकल्प रद्द होतो?

नाही. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. तिथे आलेल्या हरकतींची नोंद होते, कंपनीला त्यांची उत्तरं अहवालात द्यावी लागतात आणि तज्ज्ञ समिती दोन्ही वाचून शिफारस करते. मग जायचं कशाला? कारण पुढे न्यायालयात फक्त कागद बोलतो, आणि तो कागद इथे तयार होतो.

प्रत्यक्षात काय घडतं तेही सांगतो. मांडव, समोर टेबलावर जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी, बाजूला प्रदूषण मंडळाचे अधिकारी. कंपनीचं चकचकीत सादरीकरण अर्धा तास चालतं, मग माईक फिरतो. पहिले चार-पाच वक्ते 'रोजगार मिळेल, आमचा पाठिंबा' म्हणून बसतात. कोणीतरी ओरडतं, गोंधळ होतो, पोलीस पुढे सरकतात आणि दुपारी दोनला 'सुनावणी शांततेत पार पडली' अशी टिप्पणी होते. त्या दिवशी आणि त्याआधी जे जमतं ते इतकंच :

- नोटीस किमान 30 दिवस आधी निघायला हवी आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकातही छापून यायला हवी. ते कात्रण जपून ठेवा.
- मूल्यांकन अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, पंचायत किंवा पालिका इथे ठेवलेला असतो. संक्षिप्त अहवाल मराठीत मागा. त्यात ओढा, झरे, मासेमारीच्या जागा, गायरान राहून गेलंय का, एवढंच तपासलं तरी चार ठोस हरकती निघतात.
- बोलायला मिळो न मिळो, लेखी निवेदन द्या आणि पोचपावती घ्या.
- सुनावणी संपताना इतिवृत्ताचा सारांश सगळ्यांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, हे अधिसूचनेतच आहे. बहुतेक ठिकाणी तोवर लोक घरी गेलेले असतात. थांबा, आणि वाचायला लावा.

गणसंख्येची अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी हाणून पाडता येत नाही. बहिष्काराची भाषा सभेत गाजते, पण इतिवृत्तात 'हरकत नाही' अशी उतरते.

ग्रामसभेच्या ठरावाला खरंच किंमत आहे का?

कोणत्या कायद्याखाली ठराव केलाय यावर अवलंबून. नुसता 'आमचा विरोध' असा ठराव ही भावना असते. वनहक्क कायदा 2006 किंवा अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा 1996 चा पेसा कायदा यांच्या आधाराने केलेला ठराव हा अधिकार असतो.

ओडिशातल्या नियमगिरीत हे दिसलं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये बॉक्साइट खाणीचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला. निवडलेल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि खाण थांबली. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू कोणी, किती तोडायचा हे गाव ठरवू लागलं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा भिंतीवर छान दिसते. पण तिच्यामागे अभ्यासगट, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय आणि नोंदवह्यांचा ढीग आहे. हिवरे बाजारची गोष्ट वेगळी. तिथे सिंचनासाठी बोअरवेल बंद हा नियम कोणत्याही मंत्रालयातून आला नाही. गावाने ठरवला आणि पाळला.

वनहक्काच्या ठरावाला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. ही संख्या भरली नाही म्हणून चांगले ठराव पडलेत.

एक तक्रार मात्र नोंदवायलाच हवी. वनजमीन वळवताना ग्रामसभेची संमती आधी घ्या, असं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2009 मध्ये परिपत्रकाने सांगितलं होतं. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनंतर वनहक्कांची पूर्तता बघायचं काम राज्याकडे ढकललं गेलं आणि केंद्राची मंजुरी त्याआधीच मिळू शकते. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाला नाही म्हणायला किती राज्य सरकारं धजावतील, हे ज्याचं त्याने ठरवावं.

महापालिकेच्या हातात काय?

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी संस्थांच्या कामांच्या यादीत, पर्यावरणाचं रक्षण आणि घनकचरा दोन्ही आहेत. सर्वांत धारदार अधिकार झाडांबाबत आहे : 1975 च्या राज्य कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही. तोडण्याआधी झाडावर आणि वर्तमानपत्रात नोटीस लागते, हरकतीला सात दिवस. मुंबईतल्या आरेत मेट्रो कारशेडसाठी 2,185 झाडं तोडायला ऑगस्ट 2019 मध्ये याच प्राधिकरणाने मान्यता दिली. 4 ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवलं तोवर बहुतेक झाडं पडून गेली होती.

मुंबईने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा आणला, 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं ध्येय ठेवलं. देशाचं ध्येय 2070 चं आहे. वीज कोळशाची की सूर्याची, हे पालिका ठरवत नसताना ती वीस वर्षं आधी कशी पोचणार, हा प्रश्न रास्त आहे.

पैसा?

जिथून पैसा, तिथून धोरण. 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सुमारे 130 शहरं आहेत, त्यात महाराष्ट्राची 19. निधी केंद्राकडून, आराखडा शहराचा. म्हणून रस्ते झाडायची यंत्रं आधी येतात आणि बस नंतर.

न्यायालयं धोरण ठरवतात का?

ठरवू नये म्हणतात, पण ठरवतात. दिल्लीत बस सीएनजीवर आल्या त्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या आदेशाने. 'वन' म्हणजे काय याची व्याख्या डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन आदेशाने रुंदावली. आपल्याकडे डहाणू पाहा. 1991 च्या अधिसूचनेने तालुका संवेदनशील ठरला, 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण झालं आणि त्याने 1998 मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. धर्माधिकारींचं 2019 मध्ये निधन झालं. त्याच प्राधिकरणाने जुलै 2023 मध्ये बंदराला सशर्त परवानगी दिली, ऑगस्ट 2024 मध्ये पायाभरणी झाली. किनारा तोच, मच्छीमार तेच. मधल्या काळात अधिसूचनांचे अर्थ आणि खुर्चीवरची माणसं बदलली.

नियम मोडला तर शिक्षा?

1986 च्या कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. 2023 च्या जनविश्वास कायद्याने ती जाऊन 10,000 ते 15 लाख रुपयांचा दंड आला. दंड भरला नाही तरच कैदेचा प्रश्न. समर्थक म्हणतात, फौजदारी खटले कधी संपायचेच नाहीत, त्यापेक्षा दंड पटकन वसूल होईल. ते खरंही आहे. पण मोठ्या उद्योगाला 15 लाख म्हणजे खर्चाची एक ओळ.

मग तक्रार नेमकी कुठे करायची?

धूर, सांडपाणी, रसायनं : प्रदूषण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय. कचरा जाळणं, झाडं, नाले : पालिका किंवा पंचायत. आवाज : पोलीस. वाळू, मुरूम, डोंगरफोड : तहसीलदार. खाडीत भराव : जिल्हाधिकारी आणि राज्याचं किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण. मंजुरीची कागदपत्रं, बैठकांची इतिवृत्तं 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर असतात. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज, उत्तराची मुदत 30 दिवस.

कुठेच दाद लागली नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, ज्याला सगळे हरित लवाद म्हणतात. महाराष्ट्राची प्रकरणं पुण्याच्या पीठाकडे जातात. नुकसानभरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क 1,000 रुपये आहे, वकील लागतोच असं नाही. साध्या वादासाठी मुदत सहा महिने. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील करायला मात्र फक्त 30 दिवस, आणि कारण पटलं तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. हे दिवस मंजुरी जाहीर झाल्यापासून मोजतात, आणि ती जाहीर झाल्याची छोटी चौकट स्थानिक दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदांच्या शेजारी येते.